परग्रहावर यान उतरल्यावर येणारी पहिली छायाचित्रं कशी वाचावीत

मंगळावर यान उतरलं की काही मिनिटांतच एक धूसर, ठिपक्याठिपक्यांचं काळंपांढरं चित्र येतं आणि लगेच अंदाज सुरू होतात. हा डोंगर आहे का, तो काळा डाग कसला, आकाशात ते काय दिसतंय? वाचायची पद्धत माहीत असेल, तर इतक्या गरीब चित्रातूनही पुष्कळ काही ठामपणे सांगता येतं. पद्धत अशी की चित्रातल्या प्रत्येक खुणेला आधी मालक शोधायचा. मालक चारच असू शकतात: कॅमेरा, संदेशवहन, यान आणि ग्रह. पहिल्या तिघांचा हक्क नाकारल्याशिवाय कोणतीही खूण ग्रहाच्या नावावर चढवायची नाही.

इथली बहुतेक उदाहरणं ६ ऑगस्ट २०१२ रोजी गेल विवरात उतरलेल्या क्युरिऑसिटीची आणि १८ फेब्रुवारी २०२१ ला जेझेरो विवरात उतरलेल्या पर्सिव्हिअरन्सची आहेत. ही दोन्ही यानं म्हणजे नासाच्या, मंगळावर चालणाऱ्या गाड्या. दोन्ही मोहिमांची कच्ची छायाचित्रं नासाच्या संकेतस्थळावर सर्वांसाठी खुली आहेत, त्यामुळे वाचता वाचता ती समोर उघडून ठेवता येतील.

आधी फाइल, मग चित्र

बातमीत आलेलं चित्र घेऊ नका. ते कापलेलं, सरळ केलेलं, उजळ केलेलं असतं. कच्ची फाइल उतरवा आणि तिचं नाव वाचा. पर्सिव्हिअरन्सच्या फाइलनावात सुरुवातीची दोन अक्षरं कॅमेरा सांगतात (एफएल म्हणजे पुढचा डावा हॅझकॅम, म्हणजे धोका टिपणारा कॅमेरा, आरएल म्हणजे मागचा डावा), पुढे चार आकडी सोल, म्हणजे उतरल्यापासूनचा मंगळदिवस, आणि त्यानंतर यानाच्या घड्याळाचा दहा आकडी वेळ. उतरण्याचा दिवस सोल ० धरतात.

हे घड्याळ साधारणपणे १ जानेवारी २००० च्या दुपारी बारापासूनचे सेकंद मोजतं. पहिल्या चित्रांवर ६६ कोटी ६९ लाख ५० हजारांच्या आसपासचा आकडा दिसतो. त्याला ८६,४०० ने भागा. ७,७१९ दिवस आणि वर काही तास निघतात. तारीख येते १८ फेब्रुवारी २०२१. घड्याळ थोडं पुढेमागे चालतं, म्हणून नेमक्या मिनिटासाठी त्याच्यावर भिस्त ठेवू नये. दोन चित्रांमधलं अंतर मात्र ते सेकंदात बिनचूक देतं, आणि पुढे आपल्याला तेच लागणार आहे.

वेळेबाबत आणखी एक. पर्सिव्हिअरन्स उतरला तेव्हा मंगळावरून संदेश यायला ११ मिनिटं २२ सेकंद लागत होते. भारतात १९ फेब्रुवारीच्या पहाटे २ वाजून २५ मिनिटांनी उतरल्याची खबर आली, पण यान त्याआधी अकरा मिनिटं जमिनीवर उभं होतं. चित्र काढल्याची वेळ आणि पोचल्याची वेळ यांची गल्लत झाली, की सावल्यांचा सगळा हिशेब चुकतो.

चित्र किती बारीक आहे ते मोजा

क्युरिऑसिटीचं पहिलं चित्र ६४ × ६४ पिक्सेलचं थंबनेल होतं, मग २५६ × २५६ आलं. मूळ कॅमेरा १०२४ × १०२४ चा. यानाला पृथ्वीशी जोडणारं कक्षायान काही मिनिटांतच क्षितिजाखाली जातं, म्हणून आधी लहानच चित्र धाडतात.

या कॅमेऱ्याचं दृष्टिक्षेत्र १२४ अंशांचं आहे. पूर्ण चित्रात एक पिक्सेल सुमारे २.१ मिलिरेडियनचा पडतो. म्हणजे एक मीटरवर २.१ मिलिमीटर आणि दहा मीटरवर २.१ सेंटिमीटर. ६४ पिक्सेलच्या थंबनेलमध्ये हाच पिक्सेल सोळापट जाडा, जवळपास ३४ मिलिरेडियनचा होतो. कॅमेरा जमिनीपासून साधारण ७० सेंटिमीटर उंचीवर असतो. सपाट जमीन धरली, तर ०.७ भागिले ०.०३४, म्हणजे सुमारे २१ मीटर. अर्थ असा की २१ मीटरपासून थेट क्षितिजापर्यंतची सगळी जमीन थंबनेलमधल्या पिक्सेलच्या एकाच ओळीत कोंबलेली असते. त्या ओळीत एखादा पिक्सेल गडद दिसला, तर तो वीस मीटरवरचा दगड असेल किंवा दोन किलोमीटरवरची टेकडी. त्या चित्रातून हे ठरवता येत नाही, कितीही मोठं करून पाहिलं तरी.

थंबनेलवरून तीनच गोष्टी सांगाव्यात: क्षितिज आहे का आणि सरळ आहे का, यानाचा कोणता भाग दिसतो, आणि उजेड कोणत्या बाजूने येतो. उतरण्याच्या रात्री अभियंत्यांना तेवढंच हवं असतं.

क्षितिजाचा बाक

हॅझकॅम म्हणजे धोका टिपणारे कॅमेरे. चाकांसमोरचं जास्तीत जास्त दिसावं म्हणून त्यांना फिशआय भिंग असतं. दाराच्या पीपहोलमधून जसं दिसतं तसंच यातून दिसतं. चित्राच्या मध्यरेषेच्या वरून जाणारी सरळ रेषा मध्ये फुगते आणि टोकांना खाली झुकते. मध्यरेषेखालची उलटी वाकते. हॅझकॅम खाली झुकवून बसवलेला असतो, त्यामुळे क्षितिज नेहमी वरच्या भागात येतं आणि घुमटासारखं दिसतं. हा मंगळाचा गोलावा नव्हे. यान टेकडीच्या माथ्यावर उतरल्याचीही ती खूण नव्हे.

यानाचा कल बघायचा असेल, तर क्षितिजाची डावी आणि उजवी टोकं चित्राच्या कडांना किती उंचीवर भेटतात ते पाहा. दोन्ही सारख्या उंचीवर असतील तर आडवा कल नाही. फरक असेल तर तो अंशांत मोजा, पण मागच्या कॅमेऱ्यातला कल उलट दिशेने येतो की नाही हे तपासल्याशिवाय आकडा सांगू नका. दोन्ही कॅमेऱ्यांत क्षितिज एकाच बाजूला, समजा दोन्हीकडे डावीकडे, खाली गेलेलं दिसलं, तर यान कललेलं नाही, भूभागच तसा आहे किंवा तुमचं मोजमाप चुकलं आहे. २६ नोव्हेंबर २०१८ रोजी उतरलेला इनसाइट लँडर सुमारे ४ अंश कललेला होता. एवढासा कल डोळ्यांना फिशआयच्या बाकात सहज हरवतो.

कॅमेऱ्याच्या खुणा

उतरताना इंजिनांच्या झोताने धूळ उडते. तिच्यापासून भिंग वाचवायला त्यावर पारदर्शक झाकण असतं आणि पहिली चित्रं या झाकणातूनच घेतात. इनसाइटचं पहिलं चित्र काळ्या ठिपक्यांनी भरलं होतं. ते सगळे झाकणावरचे धुळीचे कण होते. त्यातून फक्त लँडरचा एक पाय, जवळचा एक दगड आणि क्षितिज ओळखू येत होतं. चार दिवसांनी झाकण उघडलं.

झाकणावरची धूळ ओळखायची खूण सोपी आहे. डाग धूसर कडांचा असतो, कारण तो भिंगाच्या अगदी जवळ, फोकसच्या बाहेर आहे. वेगवेगळ्या वेळच्या चित्रांत तो त्याच पिक्सेलवर राहतो. आणि डाव्या-उजव्या जोडकॅमेऱ्यांपैकी एकातच दिसतो. तीनही कसोट्या लावा. एकीवर विसंबू नका, कारण झाकण उघडलं की डागही जातो आणि गेलेला डाग खरा ढग होता असं वाटू शकतं.

सूर्य चौकटीत किंवा चौकटीच्या काठाशी असेल, तर वरचा भाग पांढराफटक पडतो आणि तिथून रेषा निघतात. क्युरिऑसिटीच्या मागच्या कॅमेऱ्याच्या चित्रात नेमकं हेच झालं. कॅमेरा थेट सूर्याकडे बघत होता आणि संवेदकात विद्युतभार ओसंडून शेजारच्या पिक्सेलमध्ये गेला. त्या रेषा आकाशातल्या नाहीत. अशाने कॅमेरा बिघडत नाही.

एखादा तेजस्वी बिंदू किंवा छोटी रेघ एकाच चौकटीत दिसली, तर बहुतेक वेळा वैश्विक किरणाचा कण संवेदकावर आदळलेला असतो. एप्रिल २०१४ मध्ये क्युरिऑसिटीच्या उजव्या नेव्हकॅममध्ये, म्हणजे वाट शोधायच्या कॅमेऱ्यात, क्षितिजापाशी उजेडाचा ठिपका दिसला आणि जगभर चर्चा झाली. त्याच वेळच्या डाव्या चित्रात तो नव्हता. अशा वेळी जोडीतलं दुसरं चित्र उघडायला अर्धं मिनिटही लागत नाही आणि निम्मा गोंधळ तिथेच मिटतो.

वाटेत झालेलं नुकसान

माहितीची पाकिटं गळाली तर चित्रात काळे पट्टे किंवा रिकामे चौकोन येतात. त्यांच्या कडा काटेकोर सरळ, पिक्सेलच्या ओळींना समांतर असतात. निसर्ग असं करत नाही. जेपेग पद्धतीने दाबलेल्या चित्रात ८ × ८ पिक्सेलचे चौकोन उमटतात आणि गडद-उजळ सीमेलगत खोट्या रेघा दिसतात. यानाच्या कडेला लागून आकाशात फिकट लाटा दिसल्या तर त्या याच. चित्र ताणून, धारदार करून पाहण्याआधी हे चौकोन शोधा, नाहीतर सॉफ्टवेअर त्यांनाच दगडांचे थर करून दाखवतं.

काही जुन्या कॅमेऱ्यांची चूक वेगळ्या जातीची आहे. २० जुलै १९७६ ला उतरलेल्या व्हायकिंग १ चा कॅमेरा एका क्षणात चित्र घेत नसे. तो एकेक उभी ओळ टिपत पुढे सरके आणि पूर्ण चित्राला काही मिनिटं लागत. त्याच्या पहिल्याच चित्रात एक उभा गडद पट्टा आहे. तेवढ्या ओळी टिपल्या जात असताना, सुमारे मिनिटभर, धूळ किंवा ढग सूर्याआड आला असावा. इथे आडवं अंतर म्हणजे वेळ. जमिनीवर तसा पट्टा नव्हताच.

यानाचे अवयव आणि यानाने केलेली उलथापालथ

आता चित्रात यानाचं काय काय दिसतं त्याची यादी करा: चाक, पाय, केबल, सौरपट, सावली. क्युरिऑसिटीचं चाक ५० सेंटिमीटर व्यासाचं, पर्सिव्हिअरन्सचं ५२.५ सेंटिमीटर. चाक मातीत किती रुतलं हे पाहणं सगळ्यांत महत्त्वाचं, कारण पुढे गाडी चालेल का ते त्यावर ठरतं. चाकाचा खालचा गोल पूर्ण दिसत असेल तर जमीन घट्ट आहे. तो कापल्यासारखा दिसला, तर आधी पुढे दगड आडवा आलाय का ते बघा, मग रुतल्याचं म्हणा.

एअरबॅगवर उतरणाऱ्या यानांच्या बाबतीत बॅगा नीट आत ओढल्या गेल्या का हे पहिल्या चित्रातच पाहतात. ४ जुलै १९९७ ला पाथफाइंडरच्या पहिल्या चित्रांत दिसलं की एका बॅगेचा फुगवटा पाकळीला, म्हणजे यानाच्या उलगडणाऱ्या बाजूला, अडथळा करतोय. पाकळी उचलून बॅग पुन्हा आत ओढली, तेव्हा सोजर्नर गाडीचा मार्ग मोकळा झाला. चित्र वेळेत आणि नीट वाचण्याचा इतका थेट उपयोग दुसरा सांगता येणार नाही.

यानाने स्वतः टाकलेला कचराही चित्रात येतो. शुक्रावरच्या व्हेनेरा १४ च्या चित्रात समोर पडलेलं अर्धगोल कॅमेऱ्याचं झाकण आहे. ऑक्टोबर २०१२ मध्ये क्युरिऑसिटीजवळ सापडलेला चमकदार तुकडा यानावरूनच पडलेल्या प्लास्टिकचा असावा, असा निष्कर्ष निघाला. यानाच्या दोनतीन मीटरांच्या आत काही चकाकलं, तर आधी संशय यानावर.

मग येतं इंजिनांचं काम. यानाच्या आसपासची जमीन मूळ स्थितीत नसते. झोताने धूळ उडते, खडे सरकतात, खालचा थर उघडा पडतो. व्हायकिंगच्या प्रत्येक उतरण-इंजिनाला म्हणूनच १८ छोट्या नळ्या होत्या, झोत विखुरला जावा आणि माती कमी उसकटावी. ओळखायची खूण: उघडी पडलेली जागा भोवतालापेक्षा वेगळ्या छटेची असते, तिच्यापासून पट्टे बाहेरच्या दिशेने पसरतात, आणि ते मागे वाढवले तर इंजिनांच्या जागेवर एकत्र येतात. वाऱ्याने झालेल्या रेघा मात्र सगळीकडे एकाच दिशेने धावतात आणि दगडांच्या एकाच बाजूला शेपटी दिसते.

या नुकसानात लाभही असतो. क्युरिऑसिटीच्या झोताने उघड्या पडलेल्या ‘गोलबर्न’ नावाच्या जागेत धुळीखाली गोटे सिमेंटसारखे जुळलेला खडक दिसला, आणि जवळच्या तशाच खडकांतले गोटे गोलसर निघाले. पाण्यात वाहून घासल्याशिवाय तसे होत नाहीत. २५ मे २००८ ला उतरलेल्या फीनिक्स लँडरखालची माती उडाल्यावर तिथे गुळगुळीत पांढरट थर दिसला. तो बर्फ होता.

क्युरिऑसिटीच्या मागच्या कॅमेऱ्यातला तो प्रसिद्ध काळा डाग थोडा सविस्तर पाहण्यासारखा आहे. उतरल्या उतरल्या घेतलेल्या चित्रात क्षितिजावर एक गडद पुंजका होता. सुमारे पाऊण तासाने घेतलेल्या चित्रात तो नव्हता. तो टिकला नाही, म्हणून टेकडी बाद. झाकणावरची धूळ मात्र लगेच बाद होत नाही, कारण तीही नाहीशी होऊ शकते. निर्णय झाला तो दिशेमुळे. दोरांवरून गाडी खाली सोडून उडून गेलेला उतरण-टप्पा सुमारे ६५० मीटरवर आदळला होता, आणि कक्षायानाच्या चित्रात त्याची जागा नेमकी त्या पुंजक्याच्याच दिशेला निघाली. पुंजका आदळण्यातून उडालेल्या धुळीचा होता. वेळ आणि दिशा असे दोन स्वतंत्र पुरावे जुळले, म्हणून तो निष्कर्ष टिकला.

सावली, आकार, अंतर

सावलीची लांबी गुणिले सूर्याच्या उंचीकोनाचं टॅन, म्हणजे वस्तूची उंची. विषुववृत्ताजवळ दुपारी तीनच्या सुमारास सूर्य साधारण ४५ अंशांवर असतो, तेव्हा सावली वस्तूएवढीच. पर्सिव्हिअरन्स स्थानिक वेळेनुसार चारच्या आसपास उतरला. सूर्य ३० अंशांच्या जवळ होता, म्हणजे सावली उंचीच्या १.७ पट. जमीन उताराची असेल तर हे आकडे बदलतात.

सावलीच्या आत बघा. मंगळावर हवेतली धूळ प्रकाश विखुरते, त्यामुळे सावलीतले खडे दिसतात. व्हायकिंगच्या पहिल्याच चित्रात पायाच्या सावलीत तपशील होते. चंद्रावर हवा नाही, तिथे सावली जवळपास काळीच. २३ ऑगस्ट २०२३ ला चांद्रयान-३ उतरल्यावर इस्रोने दिलेल्या चित्रात विक्रमचा पाय आणि त्याची सावली आहे. ती मंगळाच्या चित्राशेजारी ठेवून पाहावी. मंगळाच्या चित्रात सावली अगदीच काळी आली, तर दोष बहुधा चित्र उजळ-गडद करण्याचा असतो.

दगडाचं माप काढायला अंतर हवं. जोडचित्रं आली नसतील तर असं करा. दगडाचा पायथा क्षितिजाच्या किती पिक्सेल खाली आहे ते मोजा. समजा १५०. गुणिले २.१ मिलिरेडियन, म्हणजे ०.३१५ रेडियन, सुमारे १८ अंश. कॅमेऱ्याची उंची ७० सेंटिमीटर भागिले टॅन १८ अंश, म्हणजे जमिनीवरून अंतर २.१५ मीटर. कॅमेऱ्यापासून तिरकं अंतर २.२६ मीटर. दगड १२ पिक्सेल रुंद असेल, तर १२ × २.१ × २.२६, म्हणजे ५७ मिलिमीटर. पावणेसहा सेंटिमीटरचा खडा. न मोजता लोक त्याला धोंडा म्हणतात.

ही रीत जवळच चालते. क्षितिजाखाली १० पिक्सेलवर अंतर ३३ मीटर येतं, ११ वर ३० मीटर. दोन पिक्सेलवर १६७ मीटर आणि एकावर ३३३. एका पिक्सेलची चूक झाली की अंतर दुप्पट. दहा मीटरांपलीकडे जोडचित्रं येईपर्यंत थांबा.

दूरचं क्षितिज आणि दिशा

मंगळाची त्रिज्या ३,३९० किलोमीटर. सपाट मैदानात ७० सेंटिमीटरवरच्या कॅमेऱ्याला क्षितिज जेमतेम २.२ किलोमीटरवर, दोन मीटरच्या मास्टवरून, म्हणजे कॅमेऱ्याच्या उंच खांबावरून, ३.७ किलोमीटरवर. त्यामागून डोकावणारी टेकडी कितीही दूरची असू शकते. हवेतल्या धुळीमुळे दूरचे डोंगर फिके पडतात, हा अंतराचा कच्चा पण उपयोगी अंदाज.

मंगळाला पृथ्वीसारखं सर्वव्यापी चुंबकीय क्षेत्र नाही, म्हणून होकायंत्र निरुपयोगी. दिशा सूर्यावरून काढायची. क्युरिऑसिटी दुपारी तीनच्या सुमारास उतरला, सूर्य पश्चिमेकडे, आणि गाडीची सावली पुढच्या कॅमेऱ्यात पुढे पडलेली. म्हणजे तोंड साधारण पूर्वेकडे. प्रत्यक्षात ते पूर्व-आग्नेयेला होतं. मागचा कॅमेरा सूर्याने पांढरा पडला, हेही त्याच्याशी जुळतं.

रंग

कच्च्या रंगीत चित्रावरून आकाश किंवा मातीचा खरा रंग सांगू नका. काही कच्च्या फाइलींमध्ये रंग अजून जोडलेले नसतात. प्रत्येक पिक्सेल लाल, हिरवा किंवा निळा यांपैकी एकच मोजतो आणि मोठं केल्यावर बारीक चौकटींची जाळी दिसते. तिला मातीचा पोत समजण्याची चूक सर्रास होते. रंग जुळवायला यानावर रंगतबकडी असते. तिचं चित्र येईपर्यंत रंग तात्पुरतेच. व्हायकिंगचं पहिलं रंगीत चित्र निळसर आकाशाचं म्हणून बाहेर गेलं, आणि मोजमाप नीट केल्यावर आकाश फिकट गुलाबी-तपकिरी ठरलं. बातमीतलं चित्र पृथ्वीवरच्या उजेडात दगड कसे दिसतील तसं बदललेलं असेल, तर तसं सोबतच्या ओळीत लिहिलेलं असतं. ती ओळ वाचा.

नकाशावर जागा

शेवटची पायरी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीची. क्षितिजावरची किमान तीन ठळक शिखरं किंवा विवरकडा निवडा आणि सूर्यावरून काढलेल्या उत्तरेपासून त्यांचे कोन लिहा. कक्षेतून काढलेल्या नकाशावर प्रत्येक शिखरापासून उलट दिशेने रेषा ओढा. तिन्ही एका लहानशा त्रिकोणात छेदतात. त्रिकोण मोठा आला तर एक शिखर चुकीचं ओळखलं गेलंय. एकेक बदलून पाहा. मग मंगळाभोवती फिरणाऱ्या कक्षायानावरच्या हायराइज कॅमेऱ्याचं चित्र घ्या, त्याचा एक पिक्सेल २५ ते ३० सेंटिमीटरचा असतो, आणि हॅझकॅममध्ये पाचदहा मीटरवर दिसणारे मोठे दगड त्या त्रिकोणात शोधा. क्युरिऑसिटी उतरल्याच्या दुसऱ्या दिवशीच्या हायराइज चित्रात गाडी, सुमारे ६१५ मीटरवरचं पॅराशूट, ६५० मीटरवरचा उतरण-टप्पा आणि १,२०० मीटरवरचं उष्णताकवच असे चारही तुकडे ओळखता आले होते. असं चित्र हाती आलं की पहिल्या दिवशी लिहिलेला प्रत्येक अंदाज त्याच्याशी ताडून पाहा आणि जे जुळत नाही ते खोडून टाका.